पांढरीची वाळू

एखादं बेट चोरीला गेलं, तर त्याची तक्रार कुठे करायची?

लेस्टनने हा प्रश्न पहिल्यांदा पोलीस चौकीत विचारला. हवालदार पोट धरून हसला आणि म्हणाला, "आधी बेटाचा मालक कोण होता ते सांग." मालक कुणीच नव्हता. तिथे कासवं अंडी घालायची, समुद्रपक्षी बसायचे आणि रविवारी पोरं फुटबॉल खेळायची. मग लेस्टनने तोच प्रश्न बंदराच्या कचेरीत विचारला. पाद्र्याला विचारला. शेवटी मोठ्या बेटावरून चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला विचारला, तेव्हा त्या गृहस्थाने टेबलावर नकाशा पसरला, चष्मा वर सरकवला आणि एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे काय. आहे की बेट."

त्या बेटाचं नाव पांढरी. नकाशात ती होती. समुद्रात नव्हती. पण चौकशी नकाशावरून झाली आणि निकालही नकाशावरूनच लागला. खुणेचं बेट जागेवर असताना होडी खडकावर गेली, म्हणजे चालवणारे बेफिकीर असणार, बहुतेक प्यालेले असणार. चालवणारे म्हणजे लेस्टनचे दोन मोठे भाऊ, गॉडविन आणि टायरस. गॉडविन दारूला शिवत नसे. टायरस प्यायचा, पण जमिनीवर.

सांत-ओदिलच्या बेटांत कुणी होकायंत्र बघून होडी हाकत नाही. कुबडा आणि भाकरी ही दोन बेटं. कुबडा उजव्या खांद्यावर धरायचा, भाकरी मागे पडू द्यायची, आणि पांढरीचं शेपूट कुबड्याच्या पायाला टेकलं की सुकाणू वळवायचं. एवढं केलं की करवत नावाचा खडकांचा पट्टा डाव्या हाताला राहतो आणि माणूस घरी पोचतो. पोरांना हे धड चालता येण्याआधी शिकवतात. पांढरीवर ना झाड होतं ना दगड. नुसती वाळू. पण सूर्य बुडाला आणि बाकीची सगळी बेटं काळी पडली, की ती एकटी उजळ राहायची. काळ्या तव्यावर चिमूटभर मीठ सांडावं तशी.

मग डेलमारसाहेबाचा वाळू उपसणारा ड्रेजर आला. शहाळ्यात नळी खुपसावी तशी त्याने पांढरीत नळी खुपसली आणि एका हंगामात ती पिऊन टाकली. वाळू मोठ्या बेटावर गेली. तिथे तिचं हॉटेल झालं.

तो हंगाम गॉडविन आणि टायरस परमुलखात मालवाहू जहाजावर होते. आई फोनवर शेळी व्यायल्याचं सांगायची, छपराचं सांगायची. बेट गेल्याचं कोण सांगतं? डोंगर जागेवर आहे का, असं कुणी फोनवर विचारतं का? दोघांनी मिळून जुनी होडी विकत घेतली, तिला नवं शीड लावलं आणि एका संध्याकाळी घराच्या पाण्यात शिरले. अंधारू लागलं तसे ते पांढरी दिसण्याची वाट बघत राहिले असणार. सकाळी करवतीवर शीड सापडलं. ते सापडले नाहीत.

याला दीड वर्ष होत आलं होतं. लेस्टनचा राग मात्र कालचा होता.

तर त्या शनिवारी सकाळी घरच्यांनी लेस्टनला एक साधं काम सांगितलं. परातभर वाळू आणायची.

त्या दिवशी दगडाचं जेवण होतं. सांत-ओदिलमध्ये माणूस मेला म्हणून लगेच जात नाही. थडग्यावर दगड बसेपर्यंत तो घरी येत-जात राहतो, आणि त्याच्यासाठी रोज संध्याकाळी थाळी वाढून झाकून ठेवावी लागते. दगड बसला, ढोल वाजले, गावजेवण झालं की तो सुटतो आणि थाळीही सुटते. समुद्रात गेलेल्यांचं थोडं वेगळं असतं. जिथे तो बुडाला तिथली वाळू घरातल्या धाकट्याने दिवसाउजेडी एकट्याने जाऊन आणायची. ती दगडाखाली घालायची. वाळूबरोबर माणूस घरी येतो. वाळूशिवाय बसवलेला दगड खोटा. करवतीवर नुसते खडक, म्हणून वाळू पांढरीच्या जागेवरची आणायची होती.

दगड आतल्या खोलीत भावांच्या पलंगावर पांढऱ्या चादरीत निजवलेला होता. आईची थोरली बहीण, ओफी मावशी, त्याच्यावर रम शिंपडत होती. असली सगळी कामं गावात तिच्याकडेच असत.

"किती गुळगुळीत आहे बघ," आई दगडावरून हात फिरवत म्हणाली. "साहेबांनी बाहेरून मागवला."

"साहेबाने दिलाय म्हणूनच थुंकतो मी त्याच्यावर."

"थुंकू नको बाबा," मावशी म्हणाली. "आत्ताच रम शिंपडलीय. चांगल्यातली आहे."

"मावशी, मस्करी नको. आई, तो आपलं तोंड बंद करायला दगड देतो, बोकड देतो, आणि तू घेतेस? वर जेवायला बोलावतेस? पहिल्या खुर्चीवर बसवणार त्याला?"

"मग काय करू?" आई एकदम वळली. "तुला बोलायला काय जातंय? रोज संध्याकाळी दोन थाळ्या मी वाढते. सकाळी मी उचलते. सकाळी त्या थाळ्यांत काय असतं माहीत आहे तुला?"

"काय असतं?"

आई पुन्हा दगडाकडे वळली. मावशीने बाटली खाली ठेवली. "पाणी असतं रे," ती हळूच म्हणाली. "खारं. काठोकाठ. घास तसाच असतो, वर पाणी..."

"म्हणून सांगते," आई म्हणाली. "त्यांना घरी आण. मग साहेबाला शिव्या घाल, नाहीतर दगड मार. आधी माझी पोरं घरी आण."

लेस्टनने परात उचलली आणि तरातरा अंगणात आला. अंगणात बॉस्को बोकडाची दोरी धरून उभा होता. गॉडविनचा लहानपणापासूनचा दोस्त, आणि आता डेलमारच्या ड्रेजरवरचा मुकादम.

"वाळूच हवी ना?" बॉस्को म्हणाला. "एवढ्या लांब कशाला जातोस? साहेबाच्या यार्डात ढीग पडलाय. पांढरीचीच आहे."

लेस्टन परात टाकून त्याच्या अंगावरच धावला. मावशी पळीसकट मध्ये आली. "ए, ए! यार्डातली चालत नाही. धुतात ती गोड्या पाण्याने. धुतलेल्या वाळूतून कोण घरी यायचं? आणि तू रे बॉस्को, बोकड बांध आणि नीघ. तुझं तोंड बघून माझा तुरीचा भात करपायला लागलाय."

दोन-चार बायका हसल्या. बॉस्को हसला नाही. त्याचे डोळे लाल होते, कित्येक दिवस धड झोप नसल्यासारखे. बोकड बांधताना तो खालच्या आवाजात म्हणाला, "लेस, भर दुपारी थांबू नकोस तिथे."

"का? तुझा पाईप चालतो तेव्हा?"

"आज पाईप बंद आहे," बॉस्को म्हणाला आणि गेला.

लेस्टनने छोटी होडी पाण्यात ढकलली. वारा चांगला होता. किनाऱ्यावर ढोलांची कातडी शेकत होते, त्याचा धूर बराच वेळ दिसत राहिला. कुबड्याच्या आडोशाला गेल्यावर वारा पडला. हळूहळू नाही, एकदम. शीड ओल्या चादरीसारखं लोंबायला लागलं. लेस्टनने ते उतरवलं आणि वल्ही घेतली.

जागा त्याला डोळे मिटून सापडली असती. कुबडा तिथे, भाकरी इथे, आणि मधे, जिथे नुसतं पांढरं असायला हवं होतं, तिथे पाण्याचा रंगही आजारी होता. भांडी धुतलेलं पाणी साचावं तसा. त्याने दोराला बांधलेला दगड सोडला आणि काचेच्या बुडाची बादली पाण्यावर दाबून आत पाहिलं. खाली राखाडी चिखल होता. त्यात नळीने ओढलेले लांब लांब ओरखडे. वाळूचा कण नाही. तो बुडी मारून तळाला गेला, दोन्ही हातांनी चिखल उकरला, वर आला, पुन्हा गेला. हाताला आला तो काळा, कुजका गाळ.

मग मात्र त्याचा संयम सुटला. वल्हं उचलून तो पाण्यावर आपटायला लागला. सगळ्यांना शिव्या दिल्या त्याने. डेलमारला, बॉस्कोला, चष्मेवाल्याला, त्याच्या नकाशाला. "मेले ते मेले, त्यांच्या खालची जमीनही नेलीत रे! माती द्यायला मूठभर तरी ठेवायची!" घसा बसेपर्यंत ओरडला आणि होडीच्या तळाशी बसून रडला.

रडणं थांबल्यावर त्याच्या लक्षात आलं, की दुसरा कसलाच आवाज नाही. होडीला पाणी लागत नव्हतं. पक्षी नव्हता. दूर करवतीवर लाटा फुटताना दिसत होत्या, पण त्यांचा आवाज येत नव्हता. सूर्य बरोबर डोक्यावर होता, होडीची सावली होडीखालीच लपली होती. आणि वास आला. भिजलेल्या दोरखंडाचा... वर्षानुवर्षं बंद असलेल्या पेटीचा...

होडीच्या बुडाला काहीतरी घासलं. खर्र...

त्याने मान वर केली. होडी वाळूत रुतली होती.

पांढरी होती. अख्खी नव्हती. आधी होती तिच्या पाव वाट्याएवढी, म्हाताऱ्या बाईच्या पाठीसारखी, पाण्यातून जेमतेम वर आलेली. पण तीच. तोच उतार, तेच दक्षिणेला वळलेलं शेपूट. लेस्टनने पाय खाली टाकला आणि झटकन वर घेतला. भर दुपारी ती वाळू गार होती. घडे ठेवतात त्या कोपऱ्यातल्या जमिनीसारखी गार. तिच्यात खेकड्यांची बिळं नव्हती, शिंपला नव्हता. पावलं मात्र होती. पाण्यातून वर चढणारी आणि पुन्हा पाण्यात जाणारी. त्याच वाटेने जाऊन जाऊन पायवाट पडली होती.

आईचे शब्द त्याच्या डोक्यात होते. माझी पोरं घरी आण. त्याने परात घेतली, उतरला, गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी वाळू भरायला लागला. घाईने. परात काठोकाठ भरली, तेव्हा मागे पाण्याचा आवाज झाला. किनाऱ्याला लागल्यावर माणूस पाण्यातून चालत येतो, तसा.

आधी टायरस आला. गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले. त्याने लेस्टनकडे पाहिलंही नाही. चढावर गेला, वाकला आणि तोंड उघडलं. तोंडभर वाळू खाली पडली. ती त्याने पायाने थापटली आणि तसाच वळून पाण्यात गेला. त्याच्यामागे गॉडविन आला. त्यानेही तोंड रिकामं केलं. मग मनगटाने ओठ पुसत तो उभा राहिला.

"दिसतं का रे आता?" त्याने विचारलं. "लांबून?"

लेस्टन गुडघ्यांवरून उठलाच नाही. "दि... दिसतं, दादा."

"खोटं." गॉडविन हसला. दातांत वाळू होती. बरेच दात नव्हते. "तुला कधीच जमलं नाही खोटं बोलायला. आईचा गूळ खाल्लास तेव्हाही नाही."

"दादा, घरी चला. आज दगड बसतोय. बोकड कापलाय, ढोल आहेत... आई थाळ्या वाढून थकली रे."

"कसा येऊ?" गॉडविनने कुबड्याकडे पाहिलं. "संध्याकाळी कुणीतरी येत असेल. आम्ही आलो तसं. वाट बघत असेल, आत्ता दिसेल, आत्ता दिसेल..."

"तोंडाने का आणता?"

"हातातून निसटते. वर येईस्तोवर मूठ रिकामी होते. तोंडात राहते." त्याने पायाने वाळू थापटली. "पण आणलं की नेतात, लेस. आम्ही आणतो... आणि नळी येते. पुन्हा आणतो... पुन्हा येते. माणसं कमी पडतात."

टायरस पुन्हा वर आला. या वेळी तो परातीपाशी थांबला. तोंड भरलेलं होतं म्हणून बोलला नाही. नुसता परातीकडे बघत राहिला. जेवणाच्या पंगतीत आपल्या पुढ्यातलं ताट कुणी उचलून नेताना बघावं, तसा.

"केवढी परात आणलीस रे," गॉडविन म्हणाला.

"आईने दिली."

"हं..." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "थोडी तरी ठेव."

चौकीत, कचेरीत, चर्चमध्ये, कुठेही कुणीही काहीही बोललं तरी लेस्टन पेटून उठायचा. या तीन शब्दांवर मात्र तो पेटला नाही. गुडघ्यावर बसून परात भरणारा तो आणि नळी खुपसणारा डेलमार, त्या दोघांच्या नजरेत सारखेच होते. त्याने परात उपडी केली. काठाला चिकटलेली वाळू बोटाने खरवडून काढली. नखांतलीही काढली.

"दादा..." तो म्हणाला.

पण तोपर्यंत पाणी कमरेला लागलं होतं आणि पायाखाली काही नव्हतं. होडी चार हातांवर मोकळी डुलत होती. करवतीवर लाटा फुटत होत्या, आणि आता त्यांचा आवाज येत होता.

तो घराकडे गेलाच नाही. किनाऱ्यावर टेबलं मांडली होती, ढोल सुरू झाले होते, पहिल्या खुर्चीवर डेलमारसाहेबाची टोपी दिसत होती. लेस्टनने होडी सरळ यार्डाच्या धक्क्याला लावली. धक्क्याला बार्ज बांधलेला होता, सोमवारी मोठ्या बेटावर न्यायच्या वाळूने काठोकाठ भरलेला. गडी सगळे जेवायला गेले होते. बॉस्को एकटाच कठड्यावर बसला होता, पुढ्यात बाटली होती, पण उघडलेली नव्हती.

"मिळाली वाळू?" त्याने विचारलं.

"तू पाहिलंयस त्यांना," लेस्टन म्हणाला.

बॉस्कोने बाटली बाजूला सरकवली. "पाहिलं नाही. शपथ घेतो, पाहिलं नाही. पण तिथे खाली चिखल लागला होता, लेस. संपलं होतं सगळं. तरी पुढच्या खेपेला गेलो की पुन्हा थोडी वाळू असायची. साहेब खूश. म्हणाला, ही विहीर आहे, उपसा. मी उपसत राहिलो. मग पाईपाच्या जाळीत... दात सापडायला लागले. माणसाचे. मी कुणाला सांगितलं नाही. गुपचूप परत टाकतो पाण्यात."

लेस्टनने त्याच्या कानाखाली मारली. बॉस्कोने हात वर केला नाही. लेस्टनने दुसरी मारली.

"झालं तुझं?" बॉस्को म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, माराचं असेल किंवा नसेल. "गॉडविनने मला पोहायला शिकवलं. काय करू, ते सांग."

"इंजिन चालू कर."

"कुणाचं?"

"हा बार्ज घेऊन चल पांढरीवर. खालची दारं उघड. सगळी परत दे."

"साहेब तुरुंगात टाकेल."

"मला टाकू दे. म्हण, याने सुरा लावला."

बॉस्को त्याच्या रिकाम्या हातांकडे बघून पहिल्यांदा हसला. "सुरा तरी आणायचास, गाढवा," तो म्हणाला आणि दोर सोडायला उठला.

अख्ख्या गावाने तो बार्ज जाताना पाहिला. ढोल एकेक करून थांबले. डेलमारसाहेब खुर्चीवरून उठून पाण्यापर्यंत धावत आला, हात हलवत ओरडायला लागला, गड्यांवर खेकसायला लागला. गडी आपापल्या ताटातला रस्सा पित बसून राहिले. ओफी मावशी पळी उंचावून काहीतरी म्हणाली आणि बायकांत हशा पिकला. आई मात्र हसली नाही. ती गुडघाभर पाण्यात येऊन उभी राहिली होती आणि लेस्टनच्या हातात परात आहे का, एवढंच बघत होती. त्याने दोन्ही हात वर करून रिकामे दाखवले. ते तिला काय कळलं, कोण जाणे. तिने पदर सोडावा तसं डोक्याचं फडकं सोडलं आणि ते पाण्यात वाहू दिलं.

सूर्य भाकरीकडे कलला होता, पण ऊन अजून लख्ख होतं. जागेवर आल्यावर बॉस्कोने इंजिन बंद केलं. पुन्हा ती शांतता पसरली. तो दुपारचा वासही आला.

बॉस्कोने दांडा ओढला. बार्जच्या पोटात काहीतरी कण्हलं आणि तळाची दारं उघडली. वाळू खचली. मधोमध खळगा पडला, तो मोठा होत गेला, सगळा ढीग घरंगळत त्याच्यात जायला लागला. एवढी वाळू एकदम पडल्यावर पाणी गढूळ व्हायला हवं होतं. झालं नाही. खळग्यात वर आलेलं पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. आणि एकदम ती घसरण थांबली. उतारांवर बरीच वाळू उरली होती, ओली, घट्ट, भिंतीला लिंपल्यासारखी.

"अडकली," बॉस्को म्हणाला. "नेहमीचंच आहे. खाली उतरून फावड्याने ढकलावी लागते." त्याने कमरेला दोर बांधायला घेतला. "मी उतरतो. माझं रोजचं काम आहे."

लेस्टन कठड्यावरून वाकून खाली बघत होता. स्वच्छ पाण्याच्या अगदी वरच्या थराला, पृष्ठभागाच्या बोटभर खाली, तोंडं होती. वर वळलेली, उघडी. गॉडविनचं होतं. टायरसचं होतं. मागे आणखी होती, पुष्कळ, जुनी, कुणाकुणाच्या दगडावरच्या तसबिरीत पाहिल्यासारखी वाटणारी. आणि टायरसच्या खांद्यामागे, डोळे मिटून, तोंड वासून, बॉस्को होता.

लेस्टनने मान वळवली. बॉस्को त्याच्या शेजारी उभा होता. दोराची गाठ मारत होता, दातांत दोराचं टोक धरून.

"काय दिसतं रे?" बॉस्कोने दातांतूनच विचारलं.

"काही नाही. वाळू."

"सरक मग."

लेस्टनने त्याच्या कमरेचा दोर ओढून सोडवला आणि फावडं हिसकावलं. "तू नाही उतरायचं. इथेच थांब. कठडा धरून उभा राहा, दोन्ही हातांनी. मी सांगेपर्यंत सोडू नकोस. आणि खाली बघू नकोस."

"का? काय झालं?"

"बॉस्को, आजच्या दिवस तरी ऐक माझं..."

तो उतरला. उतारावर पाय रोवून त्याने वाळू ढकलायला सुरुवात केली. पाणी घोट्याला लागत होतं, गार. ढकललेली वाळू बुडत नव्हती. जिथे पडे तिथे ती घेतली जाई, आणि ते तोंड मिटून खाली जाई, दुसरं वर येई. कुठेही घाई नव्हती, रेटारेटी नव्हती. मोठी माणसं पंगतीत बसावीत तशी ती आपली पाळी येईपर्यंत थांबत होती. फक्त बॉस्कोचं तोंड खाली गेलं नाही. ते जागच्या जागी उघडं होतं. त्याच्या वाटेची वाळू त्याच्यापर्यंत येत होती, आणि लेस्टन फावडं दरवेळी अलीकडेच वळवत होता. घास मिळाला की बॉस्कोही खाली जाणार, हे त्याला कळलं होतं.

भिंतीला चिकटलेली त्याने फावड्याने खरवडली. मग फावडं टाकून हातांनी काढली. कोपऱ्यातली बोटांनी काढली. वरून बॉस्को विचारत होता, "झालं का रे? लेस? झालं का?" त्याचा आवाज थरथरत होता, आणि पाण्यातले ओठही त्याच वेळी, तसेच हलत होते.

शेवटी मूठभर उरली. गॉडविन आणि टायरस दोघेही समोर होते, आणि त्यांच्यामागे ते तिसरं तोंड, जरा पुढे आलेलं. लेस्टन गुडघ्यांवर बसला. त्याने मुठीचे दोनच भाग केले, दोन्ही हात मनगटापर्यंत गार पाण्यात घातले, आणि लहानपणी ते दोघे त्याला भरवायचे तसा एकेक घास दोघांच्या तोंडात घातला.